ठाण्याच्या आवारातली खोली : विशेष कक्षाची वाटचाल, नांदेड-लातूरहून पाहताना

महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ साली मुंबईच्या पोलिस आयुक्त कार्यालयात सुरू झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेने तो आपला क्षेत्रकार्याचा उपक्रम म्हणून उभा केला आणि पोलिसांनी त्याला आपल्या आवारात जागा दिली. जागा पोलिसांची, पण तिथे बसणाऱ्या दोघी समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या. त्यांच्या अंगावर खाकी नाही आणि कंबरेला पट्टा नाही. एवढ्या एका मांडणीवर कक्षाची चाळीस वर्षे उभी आहेत. आज नांदेड आणि लातूर धरून राज्यभर असे कक्ष पसरले आहेत.

कागदोपत्री इतिहास इथून सुरू होतो. या स्मरणिकेसाठी तो बारा वर्षे मागे जाऊन सांगावा असे मला वाटते. पोलिस ठाण्यात बाईसाठी वेगळी खोली का लागली, याचे उत्तर १९८४ च्या कागदांत मिळत नाही. ते देसाईगंजला मिळते.

२६ मार्च १९७२ ची रात्र. चंद्रपूर जिल्ह्यातल्या (आता गडचिरोली) देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणले होते. वय चौदा ते सोळाच्या मधले, पोट मजुरीवर. तक्रार तिच्या भावानेच दिलेली, ती एका मुलाबरोबर निघून गेल्याबद्दलची. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितले आणि तिला मागे थांबवून घेतले. काही वेळाने ती बाहेर आली आणि ड्यूटीवरच्या शिपायाने आपल्यावर बलात्कार केल्याचे तिने बाहेर थांबलेल्या माणसांना सांगितले. गर्दी जमली. लोक चिडले, चौकी पेटवून देऊ म्हणाले. तेव्हा कुठे तक्रार कागदावर उतरली.

पुढची सहा वर्षे खटला चालला. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडले आणि मुलीला शरीरसंबंधांची सवय असल्याचे निकालात लिहिले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती देणे नव्हे, हे तिथल्या न्यायमूर्तींनी ओळखले होते. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, तेव्हा बळजबरी झाली म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा तर्क होता. हाच पुढे देशभर गाजलेला मथुरा खटला.

देसाईगंजच्या त्या गर्दीकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. समाजाची मानसिकता बदलली पाहिजे, असे आपण व्यासपीठावरून म्हणतो, तेव्हा अडाणी गाव आणि शहाणी व्यवस्था असे चित्र डोळ्यांपुढे असते. इथे घडले ते उलटे. चौकीबाहेरच्या साध्या माणसांनी मुलीवर तत्काळ विश्वास ठेवला. अविश्वास दाखवला तो शिकलेल्यांनी, कायद्याचे पुस्तक उघडून. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या १५५(४) या कलमाखाली तक्रारदार बाई चालीची बरी नाही असे दाखवून तिची साक्ष खिळखिळी करता येत होती. शंभर वर्षे वकील तेच करत आले होते. गर्दीचा विश्वास खरा होता, पण तो एका रात्रीचा होता. खटला सहा वर्षांचा होता. तक्रार लिहिली गेल्यापासून अखेरच्या निकालापर्यंत ती मुलगी कोणाच्या आधाराने उभी होती? विशेष कक्षाचे काम त्या मधल्या वर्षांचे आहे.

निकालाला एक वर्ष होऊन गेल्यावर, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. ठाण्याचे दार आतून लावलेले, समोर वर्दीतला माणूस, आणि मजुरी करणारी कोवळी मुलगी. तिने प्रतिकार कसा करायचा होता, असा त्या पत्राचा रोख होता. पत्र वर्तमानपत्रांतून फिरले. १९८० च्या जानेवारीत मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला. त्याचाच पुढे नारी अत्याचार विरोधी मंच झाला. नागपुरात सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषदेतून हा प्रश्न धरून ठेवला. ८ मार्च १९८० ला मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या आणि निकालाचा फेरविचार करा म्हणाल्या. फेरविचार झाला नाही. त्या अर्थाने आंदोलन हरले. मात्र बलात्कार हा शब्द सभेत, मोर्च्यात, फलकावर बायकांनी मोठ्याने उच्चारायला सुरुवात झाली ती तेव्हापासून. एरवी त्याची वाच्यता घरातल्या आजीपुढेही होत नसे.

विधी आयोगाने १९८० साली आपला ८४ वा अहवाल दिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिस कोठडीतल्या, तसेच सरकारी दवाखान्यातल्या किंवा सुधारगृहातल्या ताब्यात असलेल्या बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे, हे ११४अ कलम त्यातले सर्वांत महत्त्वाचे. कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षे शिक्षा, सुनावणी बंद दाराआड, पीडितेचे नाव छापण्याला बंदी. त्याच वर्षी ४९८अ आले. त्यामागे हुंडाबळींनी पेटलेला क्षोभ होता. पुण्यातल्या १९८२ च्या मंजुश्री सारडा प्रकरणानंतर नारी समता मंच उभा राहिला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव फिरले. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणले. ते शाळेच्या पटांगणात, चाळीच्या चौकात, देवळापुढे, जागा मिळेल तिथे उभे राहत गेले. ज्या बाईने आयुष्यात मोर्चा पाहिला नव्हता तिच्यापर्यंत चळवळ नाटकाच्या वाटेने पोचली.

कायदा आला, लोक बोलू लागले. पण बाईला कायद्यापर्यंत न्यायचे तर वाट ठाण्यातूनच जात होती, आणि देसाईगंजनंतर ठाण्यावर भरवसा कोणी ठेवायचा? बाहेर घोषणा देणाऱ्या संघटना आणि आत बसलेला ठाणे अंमलदार यांच्यामध्ये कोणीच नव्हते. १९८४ ची खोली ही त्या पोकळीत टाकलेली पहिली फळी.

आता मराठवाड्याकडे वळतो, कारण नांदेड-लातूरकरांना हा इतिहास वेगळ्या क्रमाने आठवतो.

सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल १५ सप्टेंबर १९७८ चा. त्याआधी सात आठवडे, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मराठवाडा पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतली गावे सर्वाधिक होरपळली. ४ ऑगस्टला बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. शेकडो वस्त्या जळाल्या, माणसे रानात आणि शहरांत पळाली. अत्याचार विरोधी समितीने दंगलीनंतर या भागात फिरून अहवाल तयार केला, त्यात दलित स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची नोंद आहे.

दोन्ही घटना एकाच पावसाळ्यातल्या. तरी आपल्या स्मृतीत त्या दोन वेगळ्या कप्प्यांत राहिल्या. मथुरा खटल्यावर शहरी स्त्री संघटना उभ्या राहिल्या. नामांतरासाठी दलित संघटना सोळा वर्षे झुंजल्या, १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला ते नाव मिळेपर्यंत. त्या ऑगस्टमध्ये नांदेड-परभणीच्या वस्त्यांतून ज्या बायकांच्या अंगावर हात पडला, त्यांच्यासाठी वेगळे खुले पत्र कोणी लिहिले नाही. एका चळवळीच्या दृष्टीने त्या दंगलीचा भाग होत्या आणि दुसऱ्या चळवळीच्या नजरेला त्या पडल्याच नाहीत. हा ठपका मी कोणा एकावर ठेवत नाही. पण कक्षाचा इतिहास मराठवाड्यातून लिहायचा असेल, तर त्याची सुरुवात या राहून गेलेल्या बायकांपासून करावी लागते.

त्याच्याही मागे १९४८ आहे. हैदराबाद संस्थानात रझाकारांच्या काळात गावेच्या गावे सीमेपलीकडच्या शिबिरांत गेली ती बरेचदा लेकीसुनांच्या काळजीने. सप्टेंबरच्या पोलिस कारवाईनंतर पारडे फिरले आणि मुसलमान वस्त्यांवर तीच वेळ आली. पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पोळलेले सांगितले, आणि स्त्रियांचे अपहरण व बलात्कार यांची नोंद केली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. दोन्हीकडच्या बायकांनी पुढचे आयुष्य त्याच गावांत काढले, त्याच पाणवठ्यावर. बाईवरचा अत्याचार म्हणजे जमातीची अब्रू गेली, आणि अब्रू गेल्याचे बोलायचे नसते, ही समजूत मराठवाड्यात पक्की झाली त्यात या वर्षांचा वाटा मोठा आहे. जमातीला झालेली जखम जमात सूड घेऊन भरून काढते. त्यात त्या बाईला काय हवे होते, हे विचारायचे राहून जाते.

नव्या शतकाच्या सुरुवातीला कक्ष मुंबईबाहेर पडला. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने तो आपलासा केला आणि टप्प्याटप्प्याने जिल्हे जोडले गेले. जमीन काही प्रमाणात तयार झालेली होती. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत बायकांच्या गटांशी थेट बोलणाऱ्या संस्था आल्या. घर बांधायच्या कामात बायकांना गावसभेत बोलायची सवय लागली. अंबाजोगाईत शैला लोहिया यांच्या मनस्विनी महिला प्रकल्पाने एकट्या पडलेल्या बायकांना निवारा दिला होता, आणि तिथे लातूरकडच्याही बायका जात. १९९४ चे महिला धोरण, ग्रामपंचायतीतले आरक्षण, बचत गट ही त्या दशकाची देणी. ज्या बाईने बँकेच्या मॅनेजरपुढे सही केली आहे, तिला ठाण्याची पायरी थोडी कमी उंच वाटते.

खोलीचे काम दिसायला साधे आहे. बाई येते, बसते, पाणी पिते. तिचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकून घेतले जाते आणि लिहून घेतले जाते. मग तिला विचारतात, तुम्हाला काय हवे आहे? हा प्रश्न तिला माहेरी, सासरी, पंचांपुढे कोणी विचारलेला नसतो, म्हणून बऱ्याच जणींना त्याचे उत्तर लगेच देता येत नाही. तक्रार नोंदवायची असेल तर कार्यकर्ती सोबत जाते, जबाब बरोबर उतरला का ते पाहते, दवाखान्यात बरोबर थांबते, वकील गाठून देते. ठाण्यातला फौजदार तीन वर्षांनी बदलून जातो. बाईची फाइल खोलीत राहते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत कक्षाने शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट अशी की तो सहसा स्वतःच्या नावाने दारात येत नाही. बाई सांगते की नवरा मारतो, खर्चाला देत नाही, दारू पितो. रात्री काय होते हे ती तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगते, तेही खाली पाहून, अर्ध्या वाक्यात. सासऱ्याचे किंवा दिराचे नाव त्याहून उशिरा निघते. पोलिसांच्या छापील नमुन्यात हे उलगडायला जागा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लैंगिक छळाला हिंसेच्या व्याख्येत घेतले आणि या अर्ध्या वाक्यांना पहिल्यांदा कायदेशीर घर मिळाले. पतीने केलेला बलात्कार मात्र आजही गुन्हा नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराखालच्या पत्नीला त्या अपवादातून बाहेर काढले, एवढेच. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिनेही तो अपवाद जपून ठेवला. चळवळीने चाळीस वर्षे ठोठावूनही हे एक दार उघडलेले नाही.

आणि ते दार मराठवाड्यात फार जवळचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत शेजारच्या परभणीत वीस ते चोवीस वयाच्या जवळपास निम्म्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. नांदेड-लातूरच्या डोंगरपट्ट्यातही, कंधार, मुखेड, लोहा, जळकोटकडे, ऊसतोडीला जाणारी घरे आहेत. पोरगी वयात आली की तिला फडावर न्यायची भीती, गावात आजीजवळ ठेवायची त्याहून भीती. मग आईबाप लग्न उरकतात. अत्याचाराच्या धास्तीने लावलेले हे लग्न बऱ्याच मुलींच्या आयुष्यातला पहिला अत्याचार ठरते. बाळंतपणासाठी ती दवाखान्यात आली की डॉक्टरला पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणे भाग असते, आणि आईबाप, नवरा, सासू सगळेच आरोपीच्या रांगेत येतात. मग घरे दवाखानाच टाळतात. कायदा बरोबर असताना मुलीचे नुकसान होण्याची ही अवघड जागा आहे, आणि तिथे घोषणा कामाला येत नाही. मुलीच्या बाजूने पण घराशी बोलणारे माणूस तिथे लागते.

गावात मिटवून टाकायची सवय हा दुसरा अडसर. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, पाण्याचे अनेक तंटे तिच्यामुळे खरोखर मिटले आणि गावांचा कोर्टकचेरीचा खर्च वाचला. पण तंटा मिटवायची हौस मुलीवरच्या बळजबरीपर्यंत पोचली की अनर्थ होतो. चार माणसे बसतात, काही हजार रुपयांचा आकडा ठरतो, किंवा त्याच पोराशी लग्न लावून द्या म्हणतात. मुलगी कुठेच नसते. बलात्कार हा तडजोडीचा गुन्हा नाही, हे वाक्य कक्षाच्या कार्यकर्त्यांनी सरपंच, पोलिस पाटील आणि स्वतः पोलिसांपुढे किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. याच मुद्द्यावर कक्षाबद्दल स्त्री संघटनांनाही सुरुवातीला शंका होती. पोलिसांच्या आवारात बसून तुम्ही संसार जोडून द्यायचे दुकान तर मांडणार नाही ना? ही शंका रास्त होती आणि आजही ती मनात ठेवलेली बरी. जिथे समेटाचे प्रमाण हेच यश मोजायचे माप होते, तिथे बाई पुन्हा मार खायला घरी जाते.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी. एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावाने हत्या केली. बातमी मोठी व्हायला महिना लागला, आणि ती मोठी केली आंबेडकरी समाजाने, रस्त्यावर येऊन. मराठवाड्यातही तेव्हा मोर्चे निघाले. न्यायालयात हत्या सिद्ध झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप टिकला नाही, अॅट्रॉसिटीचे कलमही नाही. सुरुवातीच्या तपासात जे गोळा व्हायला हवे होते ते झाले नाही, तर पुढे कितीही मोठा मोर्चा ती उणीव भरून काढू शकत नाही.

दहा वर्षांनी, १३ जुलै २०१६ ला, अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत मराठा समाजातल्या एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. ९ ऑगस्टला औरंगाबादेत पहिला मूक मोर्चा निघाला आणि सप्टेंबरमध्ये नांदेड, लातूरच्या रस्त्यांवर लाखोंनी माणसे उतरली. पुढे मुली, त्यांच्यामागे बायका, मग पुरुष. निवेदन मुलींनी द्यायचे. मराठवाड्यात असे कधी झाले नव्हते. ज्या घरांत मुलींना मोठ्याने हसू देत नव्हते, त्या घरांतल्या आया मुलींना हाताला धरून बलात्काराच्या निषेधाला घेऊन आल्या. या बदलाला मी कमी लेखणार नाही. २०१६ नंतर ठाण्यात आईबरोबर बापही येऊन बसू लागला, त्यात या मोर्च्यांचा वाटा आहे. २९ नोव्हेंबर २०१७ ला तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा झाली.

पण त्याच मोर्च्यांच्या मागण्यांत अॅट्रॉसिटी कायद्यात बदल करा, ही मागणी होती. तो कायदा १९८९ चा, आणि दलित-आदिवासी बाईच्या अंगाला हात लावण्याचे धाडस रोखण्यासाठी तो मोठा आधार आहे. एका मुलीसाठी न्याय मागताना दुसऱ्या मुलीचे संरक्षण सैल करायची भाषा झाली. आरोपींच्या जातीची चर्चा गुन्ह्याच्या चर्चेइतकीच झाली. आंदोलनांनी दृष्टी बदलते, हे खरे. कोणाच्या मुलीसाठी बदलते, हा प्रश्न मराठवाड्यात प्रत्येक वेळी विचारावा लागतो. आणखी एक गोष्ट. खैरलांजी, २०१२ ची दिल्ली, कोपर्डी: ज्यांच्यासाठी माणसे रस्त्यावर आली त्यांतली एकही वाचली नाही. जिवंत राहिलेली, ओळखीच्या माणसाचे नाव घेणारी, उद्या त्याच रस्त्याने शाळेला जाणार असलेली मुलगी अजूनही बहुतेक एकटीच असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत दरवर्षी दिसते की दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. ओळखीच्या माणसाविरुद्ध मोर्चा निघत नाही.

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने २९ दिवसांत अहवाल दिला आणि २०१३ चा कायदा आला. शहरात त्याची चर्चा फाशीपाशी अडकली. नांदेड-लातूरच्या खोलीत बसणाऱ्या कार्यकर्तीला त्यातली दोन छोटी कलमे अधिक मोलाची वाटावीत: बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला तुरुंग, आणि पीडितेवर मोफत उपचार न करणाऱ्या रुग्णालयाला शिक्षा. हद्द आमची नाही, असे म्हणून परत पाठवणेही अवघड झाले. कर्नाटकातल्या किंवा कोल्हापूरकडच्या फडावर काही घडले आणि मुलगी गावी आल्यावर बोलली, तरी गावच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा घ्यावाच लागतो. ऊसतोड कामगाराच्या मुलीला या तरतुदीची जितकी गरज आहे तितकी क्वचितच कोणाला असेल, आणि तिलाच ती कोणी सांगितलेली नसते.

दवाखान्यातला बदल जास्त अबोल आणि कदाचित जास्त खोल आहे. कौमार्य तपासण्याच्या नावाखाली होणाऱ्या दोन बोटांच्या चाचणीविरुद्ध सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर २०१० मध्ये नागपूर खंडपीठात गेले. मुंबईत सेहत संस्थेने रुग्णालयांतून तपासणीची माणुसकीची पद्धत बसवली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणावर घाला घालणारी ठरवली. २०२२ मध्ये पुन्हा बजावून ती करणाऱ्याला गैरवर्तनासाठी जबाबदार धरले. १९७४ साली ज्या ‘सवय असलेली’ या शेऱ्याने एका आदिवासी मुलीचा खटला बुडाला, तो शेरा वैद्यकीय अहवालातून पुसायला जवळपास चाळीस वर्षे गेली. १५५(४) कलम त्याआधी, २००२ च्या दुरुस्तीने, हटले होते. त्याच काळात, २ ऑक्टोबर २०१३ पासून, पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना सुरू झाली. तिच्या पैशांपेक्षा, झालेल्या नुकसानीत आपलाही वाटा आहे हे शासनाने मान्य केले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

लातूरच्या शिकवण्यांनी आणि नांदेडच्या क्लासेसनी या कामाला नवी बाजू दिली आहे. खेड्यापाड्यांतून हजारो मुली बारावीच्या, नीटच्या तयारीला येतात, खोल्या घेऊन, मेसचा डबा लावून राहतात. पाठलाग, मोबाइलवरचे फोटो, धमक्या या तक्रारी आहेत. २०१३ पासून पाठलाग हा स्वतंत्र गुन्हाही आहे. तरी मुलगी बोलत नाही, आणि तिचे कारण ऐकण्यासारखे आहे. बाप तिला दोष देईल अशी भीती पूर्वीइतकी उरलेली नाही. बाप काळजीने पुस्तके गुंडाळून तिला घरी नेईल आणि वर्षाच्या आत लग्न लावेल, ही भीती आहे. बापाचा राग ओसरला, त्याची काळजी मात्र मुलीच्या शिक्षणावरच येऊन पडते. म्हणून कक्षाच्या कार्यकर्त्यांना या घरांत आरोपीबद्दल थोडे आणि मुलीच्या परीक्षेबद्दल जास्त बोलावे लागते.

आकड्यांत मांडायचे तर चित्र दुहेरी आहे. नोंदवलेले गुन्हे वाढले. त्यातली बरीच वाढ बोलण्याच्या धैर्याची आहे. शिक्षेचे प्रमाण मात्र देशभर तीस टक्क्यांच्या आत घुटमळते. मधली वर्षे अजूनही लांब आहेत. साक्षीदार फितूर होतात, मुलीचे लग्न होते आणि सासर तिला साक्षीला पाठवत नाही, तपासी अंमलदार निवृत्त होतो. या काळात तिच्यासोबत राहायला प्रत्येक कक्षात दोन माणसे आहेत, तीही मानधनावर.

आणि अंतर. नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, लातुरात दहा. किनवट-माहूरच्या कोलामांच्या पोडावरून, म्हणजे पाड्यावरून, नांदेड शहर सव्वाशे किलोमीटरहून लांब पडते. एसटीने यायचे तर पहाटे निघावे लागते आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर रात्र बसस्थानकावर. देवणी, जळकोट, देगलूर, मुखेडच्या बाईलाही जिल्ह्याला येण्यासाठी एका दिवसाची मजुरी आणि घरात सांगायला एक खोटे कारण लागते. जिल्ह्याच्या ठिकाणची खोली या बायकांपर्यंत पोचायची असेल तर किनवट, देगलूर, उदगीर आणि निलंगा या उपविभागांच्या ठिकाणी तरी कायमच्या दोन खुर्च्या लागतील, आणि ऑक्टोबरात ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आधी गावांत फेरी लागेल. चाळीस वर्षांच्या या टप्प्यावर नांदेड-लातूरची मागणी एवढी आहे, आणि ती पहिल्या दिवसापासूनच्या कामात बसणारी आहे.